थंडीच्या आधी घरातलं हीटिंग तयार केलं – माझा अनुभव (स्लाऊ, इंग्लंड)

यंदा आई पहिल्यांदाच हिवाळ्यात आमच्याकडे राहणार होती. तिच्या गुडघ्यांना साताऱ्याची थंडीच सोसत नाही, म्हणून मी सप्टेंबरमध्येच हीटिंगच्या मागे लागले. इथे बहुतेकांना बॉयलरची आठवण ऑक्टोबरच्या शेवटी घड्याळं मागे गेली की येते आणि तोपर्यंत चांगल्या इंजिनिअर लोकांच्या तारखा भरलेल्या असतात.

आमचं घर १९३० च्या दशकातलं, गॅसचा कॉम्बी बॉयलर. म्हणजे तोच नळाला गरम पाणी देतो आणि तोच सगळ्या रेडिएटरमधून गरम पाणी फिरवतो. मागच्या वर्षी आईसाठी ठरवलेली मागची खोली काही केल्या तापत नव्हती. एकाला फोन केला तर त्याने घर न बघताच सांगितलं, बॉयलर जुना झालाय, नवीन घ्या. मला ते अजिबात पटलं नाही, कारण बाकीच्या खोल्या तर मस्त तापत होत्या!

मग बाहेर गरमच असताना एका सकाळी हीटिंग चालू केलं, थर्मोस्टॅट मुद्दाम वर नेला आणि अर्ध्या तासाने प्रत्येक रेडिएटरला वर, खाली, दोन्ही कडांना हात लावून बघितला. सगळ्यांनी हे एकदा तरी करावंच, कारण कुठे गार आहे त्यावरून बरंच कळतं. वरचा भाग गार म्हणजे आत हवा अडकलीये, खालचा मधला भाग गार म्हणजे तळाला गाळ बसलाय, आणि अख्खाच गार असेल तर बऱ्याचदा बाजूच्या थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हची (खोली पुरेशी तापली की त्या रेडिएटरचं गरम पाणी आपोआप कमी करणारा) पिन उन्हाळाभर बंद राहून चिकटलेली असते. आमच्याकडे तिन्ही प्रकार निघाले.

पिनचं काम सोपं होतं, व्हॉल्व्हचं डोकं हाताने फिरवून काढलं, खालची बारीक पिन हळूच दाबली, दोन-चारदा खालीवर झाली आणि सुटली. फक्त ती ओढायची नाही, बाहेर आली तर पाणी उडतं. हवा काढायला हीटिंग बंद करून सगळं गार होऊ द्यायचं, हे महत्त्वाचं आहे, नाहीतर उकळतं पाणी हातावर येतं आणि पंप चालू असेल तर हवा उलट आत ओढली जाऊ शकते. खालच्या मजल्यापासून सुरुवात केली, खाली फडकं धरलं, रेडिएटरच्या वरच्या कडेला असलेल्या हवेच्या स्क्रूला छोटी चावी लावून पाव फेरा फिरवली, सूं करून हवा गेली की पाणी येतं, लगेच बंद. हवा काढली की सिस्टीमचं प्रेशर उतरतं. गार असताना ते साधारण १ ते १.५ बार पाहिजे. बॉयलरखालच्या, सिस्टीममध्ये पाणी भरायच्या स्टीलच्या जाळीच्या नळीचे व्हॉल्व्ह उघडून काटा तिथपर्यंत आणला आणि दोन्ही नीट बंद केले. पुन्हापुन्हा प्रेशर उतरत असेल तर नुसतं पाणी भरत बसू नका, कुठेतरी गळती असते नाहीतर बॉयलरच्या आतलं एक्स्पान्शन व्हेसल (तापून फुगलेल्या पाण्याला जागा देणारी छोटी टाकी) गेलेलं असतं.

बॉयलरचं झाकण मात्र आपण उघडायचं नाही. त्यासाठी गॅस सेफ रजिस्टरवर (गॅसची कामं करायला परवानगी असलेल्यांची अधिकृत यादी) नाव असलेलाच माणूस लागतो (२००९ च्या आधी कॉर्गी म्हणायचे ते). कार्डाच्या मागे त्याला कुठली कामं करायची परवानगी आहे ते लिहिलेलं असतं, ते मी वाचते आणि कोणी त्याचं वाईट वाटून घेत नाही. आमच्याकडे आलेला माणूस खरंच मन लावून काम करणारा होता. धुराड्यातला वायू मशीनने तपासला, कंडेन्सेटचा (धुरातली वाफ थंड होऊन बनणारं पाणी) ट्रॅप साफ केला, मग मागच्या खोलीतला रेडिएटर सोडवून बागेत नेला आणि होजपाइप लावला. काजळीसारखं काळंकुट्ट पाणी! लोखंड आतून गंजून तयार झालेला गाळ तो. परत बसवल्यावर गंज रोखणारं इनहिबिटर घातलं आणि बॉयलरकडे परत येणाऱ्या पाइपवर मॅग्नेटिक फिल्टर लावला. मग बॉयलरजवळच्या रेडिएटरचे लॉकशिल्ड व्हॉल्व्ह (दुसऱ्या बाजूचे, पाण्याचा प्रवाह ठरवणारे) थोडे आवळले, म्हणजे सगळं पाणी तिथूनच न वळता लांबच्या खोलीलाही पोचेल. मागची खोली त्याच संध्याकाळी तापली, मला इतका आनंद झाला की लगेच आईला व्हिडिओ कॉल केला. बॉयलर तोच, जुनाच.

त्याने अजून एक सांगितलं, बॉयलरमधून निघणाऱ्या पाण्याचं तापमान ७५ अंशांवरून ६० वर आणा. बॉयलरकडे परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असलं तरच धुरातल्या वाफेतली उष्णता परत मिळते, नाहीतर ती धुराड्यातून बाहेर. घर तापायला थोडा जास्त वेळ लागतो, म्हणून हीटिंग पहाटे जरा लवकर सुरू होईल असं लावलं. पण गरम पाण्याची वेगळी टाकी असलेल्यांनी टाकीचं तापमान ६० च्या खाली नेऊ नये, लिजिओनेला जंतू वाढायचा धोका असतो.

बाहेरून जाणारा कंडेन्सेटचा पाइप कडाक्याच्या थंडीत गोठला की बॉयलर गुडगुड आवाज करून बंद पडतो, म्हणून त्यावर उन्हापावसात टिकणारं फोमचं वेष्टण चढवलं. तरीही गोठलाच तर कोमट पाणी ओतायचं, उकळतं नाही, आणि मग बॉयलर रिसेट करायचा.

शेवटी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. या वायूला वास नाही, रंग नाही, त्यामुळे यात हयगय नकोच. आमच्या अलार्मची मुदत संपत आली होती, तारीख मागेच छापलेली असते, तो बदलला. बटण दाबून आवाज आईला आल्याआल्याच ऐकवला, हा वाजला की खिडकी-दार उघडून सरळ बाहेर यायचं, काही शोधत बसायचं नाही. गॅसचा वास आला किंवा अलार्म वाजला तर करायचा इमर्जन्सी नंबर ०८०० १११ ९९९, तो मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावलाय.