एक बाइट वाचला की लई भारी वाटतं

कोड गोल्फ म्हणजे प्रोग्राम लिहून कोडं सोडवायचं पण सगळ्यात कमी बाइटमध्ये (इंग्रजी एक अक्षर म्हणजे एक बाइट), आणि मला याचं लई वेड आहे. आमच्या नांदेडात पोरं इंटरव्ह्यूसाठी फिझबझ नावाचा छोटा प्रोग्राम पाठ करायलेत, आकडे ओळीनं छापत जायचं, ३ ने भाग गेला की फिझ, ५ ने गेला की बझ, दोन्हीने गेला तर फिझबझ, नाहीतर आकडाच, आणि एवढ्यासाठी इफ-एल्सची (म्हणजे 'असं असेल तर हे, नाहीतर ते') ही मोठी लाईन. अरे पण पायथन या प्रोग्रामिंग भाषेत खरं-खोटं म्हणजे १ आणि ० च की! मग फिझ या स्ट्रिंगला (म्हणजे अक्षरांच्या तुकड्याला) '३ ने भागून बाकी बरोबर शून्य' या अटीने गुणा, अट खोटी निघाली तर शून्याने गुणून स्ट्रिंग रिकामी, बझचंही तसंच, दोन्ही जोडा आणि पुढं नुसतं ऑर (म्हणजे 'पहिलं खोटं असेल तर हे घे') लावून आकडा द्या, रिकामी स्ट्रिंग खोटी धरली जाते म्हणून तिथं आकडा छापला जातो. एकही इफ नाही! त्यात अटीत 'बरोबर शून्य' ऐवजी 'एकपेक्षा कमी' लिहिलं की अजून एक बाइट वाचतो.

ऑफिसच्या कामात असं लिहू नका बरं, दुसऱ्याला वाचायला त्रास होतो. पण भाषा आतून कशी चालते ते मला क्लासपेक्षा यातूनच जास्त कळलं. गोल्फस्क्रिप्ट, जेली अशा खास यासाठीच बनवलेल्या भाषाबी आहेत, माझं मन मात्र पायथनवरच. आता आउटपुट मराठीत छापायचं डोक्यात आहे, तिथं युटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) काना-मात्रा धरून प्रत्येक खूण ३ बाइट खाते, म्हणजे कस लागणार.