मिरजेत आज पुन्हा

तंबोऱ्याची जव्हारी लावून घ्यायला आज मिरजेला गेलो होतो. कारागीर घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, घासत होते, तारेखालचं सूत केसभर सरकवून कान देत होते. तो झंकार खुलला आणि थेट २००९ साल आठवलं. माझा पहिला अल्बम, अभंगांचा.

स्टुडिओ कसला, भिंतींना गाद्या लावलेली एक खोली! पखवाज आणि टाळ आमच्याच गावच्या भजनी मंडळाचे. लय धरायला हेडफोनमध्ये वाजणाऱ्या यंत्राच्या एकसारख्या ठोक्यावर वाजवताना त्यांचे हात आखडत होते. भजन हळूहळू चढत जातं, ठोका जागचा हलत नाही. शेवटी मी तो बंदच करायला लावला. माझ्या मते त्या अल्बममधला सर्वांत योग्य निर्णय तोच.

पखवाजाच्या डाव्या तोंडावरची कणीक पंख्याखाली सुकायची, आवाज चढायचा. मग पंखा बंद. पखवाज वाजवणारे मामा दर टेकआधी बोटं ओली करून कणीक सारखी करायचे. तिसऱ्या अभंगात रेल्वेची शिटी आली आहे, अगदी बारीक. टेक इतका रंगला होता की आम्ही तसाच ठेवला.

मामा आता नाहीत. येताना गाडीत तोच अभंग लावला. शिटीच्या आधी ते हलकेच ‘वाऽऽ’ म्हणतात, ते आज पहिल्यांदा ऐकू आलं.