शाळेतला बँड आणि कमी वाजवण्याचं कसब

आज दिवसभर डोक्यात शाळासोबत्यांनी काढलेले रॉक बँड घोळत होते. १९७६ साली डब्लिनच्या माउंट टेंपल शाळेच्या सूचनाफलकावर ‘बँडसाठी वादक हवेत’ अशी चिठ्ठी लागली आणि त्यातून यू टू हा आयरिश रॉक बँड उभा राहिला, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. चिठ्ठी लावणारा लॅरी मलन १४ वर्षांचा ड्रमर होता, हा तपशील मला जास्त महत्त्वाचा वाटतो. शाळेत गिटारवाले पैशाला पासरी. ड्रमर एखादाच, कारण ड्रमसेटला जागा लागते आणि त्याचा आवाज सगळ्या इमारतीला ऐकू जातो. चार गिटारवाल्यांनी जमून ड्रमर शोधत फिरण्यापेक्षा ड्रमरभोवती बाकीचे जमलेले बरे. आणि गिटारवाल्यांतल्या सगळ्यात कच्च्या मुलाच्या गळ्यात बास (खालच्या सुरांची गिटार) घालायची जी रीत आहे, ती आधी मोडावी. बास आणि बास ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) एकमेकांना धरून नसतील तर वर कितीही सुंदर वाजवा, गाणं उभं राहत नाही.

तालमीच्या खोलीत पहिला घोटाळा आवाजाचा होतो. ड्रमला व्हॉल्यूमचं बटण नसतं. गिटारवाला ड्रमच्या वर जाण्यासाठी अँप (आवाज मोठा करणारं यंत्र) वाढवतो, मग बासवाला वाढवतो, गायकाला स्वतःचा आवाज ऐकू येईनासा होतो. तो माइक वाढवतो आणि माइक शिटी मारायला लागतो. यावर उपाय उलट्या दिशेने करायचा. आधी अँपशिवाय ड्रम आणि गायन यांचा मेळ बसवायचा, मग बास, शेवटी गिटार. लहान खोलीत १५ ते २० वॅटचा ट्यूब (काचेच्या व्हॉल्व्हचा) अँपही पुरून उरतो. तो जमिनीवर ठेवला की आवाज वाजवणाऱ्याच्या पोटऱ्यांवर आदळतो आणि समोरच्याचे कान फाटतात. म्हणून खुर्चीवर ठेवून किंचित मागे कलता करावा. गायकाचा स्पीकर माइकच्या तोंडासमोर कधीच नको, साध्या कार्डिऑइड (समोरचा आवाज जास्त, मागचा सर्वांत कमी पकडणाऱ्या) माइकला तो बरोबर पाठीमागे असावा. कानांचा हिशेबही पक्का ठेवावा. ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास ही सुरक्षित मर्यादा धरतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. बंद खोलीतला ड्रमसेट तिथवर सहज जातो. कानात प्लग घालायला लाजणारा वादक मला शूर वाटत नाही.

आवाज आटोक्यात आला की खरा प्रश्न दिसतो, तो म्हणजे सगळेच सगळा वेळ वाजवत असतात. दोन गिटार एकाच जागी तेच कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) धरतात, कीबोर्डवाल्याचा डावा हात बासच्या अंगणात शिरतो. बासची सर्वांत खालच्या सुराची तार ४१ हर्ट्झच्या आसपास, गिटारची ८२ च्या. मधल्या सुरांच्या पट्ट्यात गर्दी झाली की आवाज मोठा होतो, पण भरीव होत नाही. एकाने खालच्या सुरांचे, मोकळ्या तारांचे कॉर्ड धरले तर दुसऱ्याने वरच्या सुरांच्या तीन बारीक तारांवर दोन-तीन सुरांत भागवावं. डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम खरखरीत करणारा परिणाम) लावलं असेल तर षड्ज आणि पंचम एवढेच धरावेत. डिस्टॉर्शन दोन सुरांमधून बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे सूर काढतं. षड्ज-पंचमात ते नात्यातच पडतात, पण त्यात गांधार आला की आवाज चिरफाळतो. पूर्ण कॉर्ड हवाच असेल तर गेन, म्हणजे डिस्टॉर्शनचा जोर, कमी करायचा. पहिल्या कडव्यात एका गिटारने गप्प बसणं ही सर्वांत स्वस्त युक्ती आहे. धृपदाला ती आत आली की बटण न फिरवता गाणं मोठं होतं. पण मित्रांमध्ये ‘तू इथे वाजवू नकोस’ हे म्हणणं जड जातं, म्हणून फोनवर रेकॉर्ड करून ते सगळ्यांनी मिळून ऐकावं. फोन अँपजवळ न ठेवता खोलीच्या मध्याजवळ, कानाच्या उंचीवर ठेवावा.

याच रेकॉर्डिंगमध्ये लय पळताना सापडते. ती बहुधा ड्रमच्या भरणीत (दोन भाग जोडणाऱ्या छोट्या तुकड्यात) किंवा धृपदाच्या तोंडाशी पळते. मिनिटाला १२० ठोक्यांवर सुरू झालेलं गाणं लगेच १२८ वर गेलं तर ४ मिनिटांचं गाणं पावणेचार मिनिटांतच आटोपतं आणि गायकाला श्वास घ्यायला जागा उरत नाही. मेट्रोनोम (ठरावीक लयीत ठोके देणारं यंत्र) एकट्या ड्रमरच्या माथी मारू नये. घरी बसून प्रत्येकाने त्यावर वाजवावं, कारण पुष्कळदा ड्रमरला पुढे ढकलतो तो गिटारवाला.

स्टेजबद्दल थोडक्यात. अर्ध्या तासाच्या वेळेत ६ किंवा ७ गाणी, त्याहून जास्त धरू नयेत; सूर लावण्यात आणि बोलण्यात बराच वेळ जातो. ड्रमखाली २ मीटर बाय २ मीटरचा गालिचा टाकावा, नाहीतर बास ड्रम दर गाण्याला पुढे सरकतो. जादा तारा, ९ व्होल्टच्या बॅटऱ्या, फ्यूज आणि दोन केबल जवळ असाव्यात. गिटारची केबल अँप हेड (स्पीकर नसलेला अँप) आणि स्पीकर कॅबिनेट (स्पीकरची पेटी) यांच्यामध्ये लावू नये. ती आतून बारीक असते, तापते, आणि त्यात अँप जायचा.

पहिलं रेकॉर्डिंग अनेकदा बाहेरूनच दार ठोठावतं. यू टूने १९७८ साली आयर्लंडमधल्या लिमरिकची बँडस्पर्धा जिंकली तेव्हा ५०० पौंड आणि डेमो (नमुन्याची गाणी) रेकॉर्ड करण्याची संधी मिळाली. अशी वेळ येईल तेव्हा तीन गाणी झोपेतही वाजवता यावीत एवढी बसलेली असली पाहिजेत. स्टुडिओत गाणं बसवायला घेणं म्हणजे दुसऱ्याच्या घड्याळावर तालीम करणं.

शाळा संपली की बहुतेक बँड फुटतात, आणि कारण भांडण नसतं, वेगवेगळी गावं असतात. अपवाद इंग्लंडच्या रेडिओहेड या बँडचा. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन शाळेतली पाच मुलं शुक्रवारी तालीम करत म्हणून त्यांच्या बँडचं आधी ‘ऑन अ फ्रायडे’ हे नाव. विद्यापीठांत पांगल्यावरही त्यांनी सुट्ट्यांमध्ये भेटणं सोडलं नाही. १९९१ मध्ये ईएमआय या रेकॉर्ड कंपनीशी करार झाला, कंपनीच्या सांगण्यावरून नाव बदललं आणि रेडिओहेड झालं. अंतर पडलं की नवी गाणी वाढवण्याचा मोह आवरावा. आहेत ती जिवंत ठेवावीत आणि प्रत्येक गाण्याचा आराखडा, म्हणजे लय, पट्टी, कडव्यांचा क्रम आणि कोण कुठे थांबतो, एका कागदावर उतरवून ठेवावा.

पैशाचाही कागद करावा, आणि तो पैसा येण्याआधी. गाण्याच्या रचनेचा हक्क वेगळा, रेकॉर्डिंगचा वेगळा, कार्यक्रमाचं मानधन वेगळं. रचनेचं श्रेय वाटताना ‘चाल माझी, ठेका तुझा’ असा वाद एकदा सुरू झाला की मैत्री टिकत नाही. यू टू आणि रेडिओहेड यांनी संगीताचं श्रेय बँडच्या नावावरच ठेवलं, आणि शाळासोबत्यांना मला तोच मार्ग सोपा वाटतो. कोणी बाहेर पडला तर नाव कोणाकडे राहील, सामायिक पैशातून घेतलेल्या वस्तू कोणत्या, आणि ज्याच्या घरी अँप ठेवलाय तो काही त्याचा नाही, हेही त्याच कागदावर येऊ द्यावं.