मागच्या बाकापर्यंत

सातवीत असताना शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत मी चौथ्या वाक्यावर थांबलो. "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो" एवढे सुरळीत झाले, पुढची तीन वाक्येही आली, आणि मग डोक्यात काहीच उरले नाही. भाषण दोन पानांचे होते आणि मला शब्दन्‌शब्द पाठ होते. घरी मी ते एका दमात म्हणून दाखवत असे. पण घोकलेल्या भाषणातला एक शब्द निसटला की त्याला बांधलेला पुढचा शब्दही जातो. आपण फक्त क्रम लक्षात ठेवलेला असतो, म्हणणे नव्हे. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि पुन्हा तिथेच अडलो. मागून कुणीतरी हसले. मी व्यासपीठावरून उतरलो आणि जागेवर जाऊन बसलो. त्यानंतरची तीन-चार भाषणे मी ऐकलीच नाहीत.

स्मरणिकेसाठी लिहायला बसलो तेव्हा सहली आठवल्या, स्नेहसंमेलने आठवली, पण हात वळला तो याच प्रसंगाकडे. शाळेने मला जे सर्वात मोठे दिले, त्याची सुरुवात इथून झाली.

पुढची दोन वर्षे मी बोलणे टाळत राहिलो. धडा वाचायची पाळी आपल्या रांगेकडे येताना दिसली की पाणी प्यायला जायची परवानगी मागायची. उत्तर येत असले तरी हात वर करायचा नाही. तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री झोप लागत नसे. टाळण्यात एक मोठा दगा आहे. टाळल्याक्षणी खरोखर सुटल्यासारखे वाटते आणि त्या सुटकेवरच भीती पोसली जाते. पुढच्या वेळी ती आणखी मोठी होऊन समोर उभी राहते. हे मला तेव्हा कळत नव्हते. मी लाजाळू आहे, एवढेच सगळे म्हणत आणि मीही ते मान्य करून टाकले होते.

नववीत मराठी शिकवायला नव्या बाई आल्या. (त्यांचे नाव छापू नये, ही त्यांचीच इच्छा.) माझी निबंधाची वही तपासून झाल्यावर त्यांनी एकदा शाळा सुटताना मला थांबवले. "वहीत इतकं सगळं असतं तुझ्या. ते वर्गाला का मिळत नाही?" मी म्हटले, "बाई, भीती वाटते." त्यात घाबरण्यासारखे काय आहे, हे वाक्य मी तोवर कितीतरी वेळा ऐकले होते आणि प्रत्येक वेळी भीतीच्या जोडीला लाजही वाटली होती. बाई तसे बोलल्या नाहीत. थोडा वेळ थांबून म्हणाल्या, "वाटणारच. आपण भीतीसकट बोलू."

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर दहा मिनिटे रिकाम्या वर्गात थांबायचे ठरले. बाई सर्वात मागच्या बाकावर बसायच्या आणि मी फळ्यापाशी उभा राहून पुस्तकातला एक उतारा वाचायचो. सूचना एकच होती, "माझ्यापर्यंत पोचव." आवाज पडला की त्या रागवत नसत, नुसता हात कानामागे धरत. पाचसहा दिवसांनी त्यांनी माझ्या दोन मित्रांना बसवले. मग पाच-सहा मुले झाली. मग परिपाठात एक सुविचार, एकच वाक्य. मग बातम्या. कोणतीही पायरी इतकी उंच नव्हती की पाय उचलणार नाही, आणि कोणतीही इतकी बुटकी नव्हती की छातीत धडधडणार नाही.

"माझ्यापर्यंत पोचव" या दोन शब्दांचे मोल मला फार नंतर उमगले. तोवर बोलताना माझे सगळे लक्ष माझ्यावर असे. हात कापतोय का, आवाज फाटतोय का, मुले काय म्हणत असतील. बाईंनी मला एक काम देऊन टाकले. शब्द त्या बाकापर्यंत न्यायचे. काम हाती आल्यावर स्वतःकडे बघायला सवड कमी राहिली.

पाठांतर त्यांनी बंद केले. "घोकायचं ते फक्त पहिलं वाक्य. बाकीचं सांगायचं." तळहाताएवढ्या कागदावर तीन मुद्दे, तेही दोन-दोन शब्दांत. आणि उभे राहण्याआधी श्वास सावकाश सोडायचा. घ्यायचा नाही, सोडायचा, यावर त्यांचा जोर असे.

गांधीजींची हकिकत मी पहिल्यांदा त्यांच्याकडूनच ऐकली. लंडनमध्ये शिकत असताना शाकाहारी मंडळाच्या समितीत आपले म्हणणे वाचून दाखवण्याचेही धैर्य त्यांना झाले नाही, ते दुसऱ्याने वाचले. १८९१ मध्ये परतण्यापूर्वी निरोपाचे जेवण दिले, तिथे तयार केलेले भाषण पहिल्या वाक्यापुढे गेले नाही. बॅरिस्टर होऊन आल्यावर पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले आणि भोवळ आल्यासारखे होऊन खाली बसले. हे सारे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. मग १८९३ मध्ये प्रिटोरियात, तिथल्या हिंदी व्यापाऱ्यांपुढे, व्यवहारातल्या सचोटीवर ते बोलले. ते आपले आयुष्यातले पहिले भाषण, असे ते म्हणतात. "त्यांच्याजवळ त्या लोकांना सांगण्यासारखं काहीतरी होतं," बाई म्हणाल्या. "तुझ्याजवळ काय आहे?"

माझ्याजवळ मुंग्या होत्या. मुंग्यांची रांग चुकत कशी नाही, याचे मला वेड होते. पुसटसा गंध मागे ठेवत त्या वाट आखतात, मधली वाट ओल्या फडक्याने पुसली की गोंधळून घुटमळतात, हे मी स्वतः करून पाहिले होते. त्यावर पूर्ण वर्गापुढे पाच मिनिटे बोलायचे ठरले. पहिले वाक्य नीट गेले. मुलांनी माना वर केल्या. आणि मध्यावर कुठेतरी, सातवीत झाले होते तस्सेच, सगळे पुसले गेले. पायाखालची जमीन मला आजही आठवते. पण या वेळी हातात कागद होता. मी त्याच्याकडे पाहिले, दुसरा मुद्दा सापडला, पुढे बोललो, संपवले.

वर्ग सुटल्यावर मी रडवेला होऊन बाईंकडे गेलो. "परत तसंच झालं."

"किती वेळ गप्प होतास असं वाटतं?"

"मिनिटभर तरी."

"चार सेकंद. मी मोजले."

माझा विश्वास बसेना. बाहेर मित्राला विचारले, मी मध्येच थांबलो होतो तेव्हा तुम्हाला काय वाटले? तो म्हणाला, "कधी थांबलास?" त्याला खरोखरच माहीत नव्हते. त्या एका प्रश्नाने माझे जे बदलले ते कितीही शाबासकीने बदलले नसते.

पुढे मी वैद्यकीय शिक्षणाकडे वळलो आणि शरीरक्रियाशास्त्र शिकवू लागलो. त्या पुस्तकांत मला फळ्यापाशी उभा असलेला तो मुलगा पुन्हा भेटला. धोका जाणवला की मूत्रपिंडांवरच्या लहानशा ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रीनलीन सोडतात. हृदय वेगाने चालते. कातडीकडचे रक्त स्नायूंकडे वळते, म्हणून हात गार पडतात. लाळ आटते, म्हणून जीभ टाळ्याला चिकटते. लढायला किंवा पळायला शरीर सज्ज होते आणि आपल्याला मात्र एका जागी उभे राहून बोलायचे असते. हृदयाची धडधड बहुतेकांची बोलायला सुरुवात करताना सर्वात जास्त असते, मग उतरू लागते. बाईंचे पाठ केलेले पहिले वाक्य नेमके त्या चढावर हाताशी असायचे. श्वास सोडताना व्हेगस नावाचा मज्जातंतू हृदयाची गती कमी करतो, श्वास घेताना ती वाढते. हे सगळे बाईंनी वाचले होते का, मला ठाऊक नाही. बहुधा पाहून शिकल्या असाव्यात.

१९९३ मध्ये जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत ताण निर्माण करण्याची एक पद्धत मांडली. ती आज जगभर वापरतात. माणसाला थोडी तयारी करू द्यायची, मग परीक्षकांपुढे पाच मिनिटे बोलायला लावायचे आणि नंतर पाच मिनिटे तोंडी वजाबाकी, १०२२ मधून तेरा-तेरा कमी करत जायचे. परीक्षकांना बजावलेले असते की हसायचे नाही, मान डोलवायची नाही, चेहरा कोरा ठेवायचा. एवढ्याने बहुतेकांच्या शरीरातले कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक चढते. हे वाचताना मला मागच्या बाकावरच्या बाई दिसल्या. त्या पूर्ण वेळ मान डोलवत असत. तीच परीक्षा रोज दिली तर बहुतेकांचा ताण दुसऱ्या दिवसापासूनच उतरतो, काहींचा मात्र पुरता जात नाही. मी त्या काहींपैकी. इतकी वर्षे शिकवूनही नव्या वर्गापुढे पहिल्या दिवशी माझे हात गार असतात.

२००३ मध्ये अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी आणखी एक गोष्ट दाखवली. बोलणाऱ्याला वाटते तेवढी त्याची घालमेल समोरच्यांना दिसत नाही, आणि नुसते हे आधी सांगितले तरी लोक जास्त चांगले बोलतात. माझ्या विद्यार्थ्यांच्या पहिल्या सादरीकरणाआधी मी त्यांना हे सांगतो. मुंग्यांचे आणि चार सेकंदांचेही सांगतो.

शाळेला माझी एक विनंती आहे. वक्तृत्व स्पर्धा जरूर असावी, पण ती आधीच बोलू शकणाऱ्या मुलांची असते. दुसऱ्याने लिहिलेले भाषण घोकून आलेले मूल अडले तर त्याच्या हाती काहीच राहत नाही. आठवड्यातून एक तास असा असावा की प्रत्येकाने आपल्याला खरेच आवडणाऱ्या गोष्टीवर दोन मिनिटे बोलावे, क्रमांक नाही, बक्षीस नाही, आणि शिक्षकांनी मागच्या बाकावर बसावे.

मागच्या महिन्यात बाईंना भेटायला गेलो होतो. बोलता बोलता म्हटले, "तुमचे ते चार सेकंद मी दर वर्षी मुलांना सांगतो." त्या जरा गप्प राहिल्या.

"अकरा होते रे," बाई म्हणाल्या. "तेव्हा अकरा सांगितले असते, तर दुसऱ्या दिवशी तू आला नसतास."