भिशीचे चाळीस हजार

राजारामपुरीतल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात दिवाळीनंतरच्या एका शनिवारी एक मावशी लेकीला घेऊन आल्या. काउंटरवर जुना लॅपटॉप ठेवला आणि म्हणाल्या, "ह्याचं किती येतंय बघा की दादा. नवाच घ्यायचाय."

मावशी ब्लाउज शिवतात. भिशीचा नंबर लागला होता. चाळीस हजार पिशवीत होते. पोरगी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला, कॉम्प्युटर शाखेला. लॅपटॉप मामाने दिलेला, 2017 चा. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपल्याचा मेसेज स्क्रीनवर आला होता, आणि एका दुकानात त्यांना सांगितलं होतं की हा आता भंगार.

मला ते ऐकून फार लागलं. सपोर्ट संपला म्हणून मशीन बंद पडत नाही, सुरक्षेचे अपडेट यायचे थांबतात. ती अडचण खरी आहे, आणि सातव्या पिढीचा आय5 प्रोसेसर असल्याने विंडोज 11 अधिकृतपणे बसणार नव्हतं. पण म्हणून भंगार?

चालू करून पाहिला. डेस्कटॉप यायला चार मिनिटं. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क 100 टक्क्यांवर अडकलेली, प्रोसेसर मात्र निवांत. मागचे स्क्रू काढून झाकण उचललं. पंख्याच्या तोंडाशी धुळीचा नमदा बसला होता. आत फिरणारी हार्ड डिस्क आणि 4 जीबी रॅम, म्हणजे चालू कामापुरती मेमरी. पुन्हा चालू करून डिस्कवर अंगठा ठेवला तर मध्येच थरथर थांबायची, बारीक टक् व्हायचं, परत फिरायला लागायची. तपासणीत पिवळा इशारा आला, म्हणजे डिस्कचा भरवसा उरला नव्हता.

"आधी आतलं सगळं काढून घेऊया, बाकीचं मग," मी म्हटलं. पोरीच्या असाइनमेंट, मामाच्या लग्नाचे फोटो, कशाचीच दुसरी प्रत नव्हती. कॉपी एका फोल्डरवर दहा-दहा मिनिटं अडायची. दोन तास गेले. मावशी बाकावर बसून राहिल्या, चहासुद्धा घेतला नाही. शेवटचा फोल्डर उतरला तेव्हा माझाही जीव भांड्यात पडला.

मग मी पोरीला तिची शाखा पुन्हा विचारली. सिव्हिल असती तर ऑटोकॅडसाठी विंडोजच लागलं असतं. हिला पुढच्या सेमिस्टरला सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा आहे, त्याला विंडोजच्या जागी चालणारी उबुंटू सिस्टीम उत्तम. तिच्या 24.04 आवृत्तीला 2029 पर्यंत अपडेट मिळतात. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क बसवली, एका निकामी मशीनमधली 8 जीबी रॅम घातली, पंखा साफ केला. वीस-बावीस सेकंदांत डेस्कटॉप आला. पाच ओळींचा सी प्रोग्रॅम मी तिच्याकडूनच टाइप करून घेतला. एक सेमिकोलन राहिला, एरर आली, तिने स्वतः शोधून काढला.

दुसऱ्या दुकानातलं कोटेशन तिने मोबाइलवर दाखवलं. प्रोसेसर रायझन 5 7520यू, रॅम 8 जीबी. त्यातला पहिला 7 हा 2023 च्या मालिकेचा; तिसरा आकडा 2, म्हणजे रचना झेन 2, ती 2019 ची. साध्या कामाला हा प्रोसेसर वाईट नाही, पण त्याच्यासोबतची रॅम बोर्डावरच डाखलेली असते. पुढे वाढवायची म्हटलं तर वाढत नाही. तिसऱ्या वर्षी प्रोजेक्टला 16 जीबी लागली, तर चाळीस हजार घालून पोरगी परत तिथंच.

"मग नवा कवा घ्यायचा?" मावशींनी विचारलं.

"हा अडायला लागला की. घाई करू नका."

साडेचार हजारांचं बिल केलं. त्याच्या मागे लिहून दिलं: 16 जीबी, किंवा रॅमचा मोकळा स्लॉट, एसएसडी 512 जीबीची, पडदा आयपीएस (बाजूनेही नीट दिसणारा), प्रोसेसरचा पूर्ण नंबर लिहून घ्या आणि पैसे द्यायच्या आधी मला फोन करा. पोरीने त्याचा फोटो काढला. मावशींनी कागदाची घडी घातली आणि ती उरलेल्या नोटांच्या पिशवीतच ठेवली.