टोकणीची नळी, तिसरी आवृत्ती

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की नळीने बी टाकायला लागल्यापासून कंबर वाचली, पण वेळ काही वाचेना. त्याचं कारण आता सापडलंय.

झालं असं, की 10 मीटरच्या 12 ओळी घेवडा टोकायचा होता, दोन बियांत 25 सेंटिमीटर अंतर. म्हणजे साधारण 480 वेळा वाकणं. हाताने एका ओळीला 14 मिनिटं लागायची, नळीने 11. एवढा खटाटोप करून फक्त तीन मिनिटं? म्हणून एक ओळ टोकताना नुसतं लक्ष ठेवलं, की हात नेमके कुठे थांबतात. थांबत होते ते अंतर मोजताना! दर वेळी पट्टी टेकवायची, खूण करायची, मग नळी उचलायची. वाकणं डोळ्यांत भरतं म्हणून आपण त्याच्याच मागे लागतो. तुमचंही एखादं अवजार असं अडलं असेल तर आधी घड्याळ लावून एक फेरी बघाच.

आता नळीबद्दल. 25 मिलिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप, उंची 90 सेंटिमीटर, वर प्लास्टिकच्या बाटलीचं कापलेलं तोंड नरसाळं म्हणून. पहिल्या आवृत्तीत खालचं टोक तिरकं कापून तेच मातीत खुपसायचो. ओल्या मातीत चार-पाच खड्ड्यांनंतर तोंडात मातीचा बूच बसायचा आणि बी वरच अडकायचं. वरून कळतही नाही. आठवडाभराने ओळीत खाडे दिसले की कळतं. यावर उपाय एकच, नळीला मातीत जाऊच द्यायचं नाही. आता पाइपच्या पुढच्या बाजूला टोकदार लाकडी खुंटी बांधली आहे, पाइपच्या तोंडाच्या 5 सेंटिमीटर खाली येईल अशी. खुंटीच्या टोकापासून 4 सेंटिमीटरवर एक खिळा आडवा ठोकलाय. तो जमिनीला टेकला की थांबायचं. त्यामुळे प्रत्येक खड्डा एकाच खोलीचा होतो. खुंटी उपसून नळी जराशी पुढे सरकवली की तोंड बरोबर खड्ड्यावर येतं. बी सोडायचं, पायाने माती लोटायची, पुढे.

या वेळची खरी भर म्हणजे खुंटीच्या बुडाशी बांधलेली जाड तारेची आडवी भुजा. तिचं टोक खाली वळवलंय, खुंटीपासून बरोबर 25 सेंटिमीटरवर. खुंटी आत गेली की टोक मातीवर पुढच्या खड्ड्याची खूण ओढतं. मोजणं संपलं. एक ओळ 6 मिनिटांत झाली! आधी बांबूची पट्टी लावून पाहिली होती, पण ढेकळाला अडकून ती बांधणीतून निसटायची. तार लवते आणि परत जागेवर येते.

बारीक बियांचं मात्र जमत नव्हतं. कोरड्या हवेत पाइपमध्ये स्थिर वीज साठते आणि गाजराचं बी आतल्या भिंतीला चिकटून राहतं. पाइप साबणाच्या पाण्याने धुऊन, न पुसता तसाच वाळवला, तेव्हा बरंच सुटायला लागलं. तरी अशा बियांसाठी ही नळी योग्य नाही, असंच माझं मत आहे. त्यांना वाळूत मिसळून हाताने पेरणंच बरं.

दुसरीकडे खत चाळायची फिरती चाळण सुरू केली आहे. सायकलच्या दोन जुन्या रिमा, त्यांवर 12 मिलिमीटरची जाळी गुंडाळून 90 सेंटिमीटर लांबीचं पिंप, खाली चार लहान चाकं. एक टोक 15 सेंटिमीटर वर धरलं होतं, तर खत चाळलं जायच्या आधीच घसरून ढेकळांबरोबर बाहेर पडायचं. उतार 8 वर आणला आणि खाली भुसभुशीत ढीग जमू लागला. ओलं खत जाळीत भरतं, त्यामुळे आदल्या दिवशी पसरून ठेवावं लागतं. जाळीचे कापलेले काठ हाताला फाडतात, ते आतून दुमडून बांधा. मी ते केलं नव्हतं, तर मनगटावर दोन ओरखडे आले.

हातदांडा अजून बसवलेला नाही, सध्या रिम हाताने ढकलतोय. तो कडेला लावला तर पिंप हलकं फिरेल, पण फावड्याने खत टाकताना मधे येईल. कुणी मधल्या आसाला दांडा जोडून पाहिला असेल, तर आस रिमला कसा पक्का केला ते जरूर सांगा.