दोष शोधायचा नाही, उरलेली वीज मोजायची

विद्युत यंत्रसामग्रीच्या देखभालीत वर्षे घालवली की एक सवय अंगात मुरते. फ्यूज उडाला तर तो का उडाला हे कळेपर्यंत हात स्वस्थ बसत नाहीत. मोठ्या प्रवासी विमानात, हवेत असताना वीज गेली तर वैमानिक हे कारण शोधण्याच्या फंदात पडत नाहीत, असे मी प्रथम वाचले तेव्हा मला ते जवळजवळ बेपर्वाईचे वाटले होते. अपघातांचे चौकशी अहवाल वाचत गेल्यावर मात्र मत बदलले.

एअरबस ए३२० चे उदाहरण घेऊ. दोन्ही इंजिनांवर प्रत्येकी ९० केव्हीए (वीजक्षमतेचे एकक) क्षमतेचा एक जनरेटर असतो आणि शेपटीतल्या एपीयू या छोट्या इंजिनावर तेवढ्याच क्षमतेचा तिसरा. एक जनरेटर गेला तर दुसरा त्याच्या बसबारचा, म्हणजे अनेक उपकरणांना वीज वाटणाऱ्या मुख्य पट्टीचा, भार आपोआप उचलतो, आणि त्याच्यावर ताण येऊ नये म्हणून आधी गॅलीतल्या (विमानातल्या स्वयंपाकघरातल्या) उपकरणांची वीज तोडली जाते. इथवर प्रवाशाला काही कळतही नाही. कॉकपिटमध्ये एक वैमानिक फक्त विमान चालवतो आणि दुसरा चेकलिस्ट वाचून बंद पडलेला जनरेटर एकदा, एकदाच, रीसेट करून पाहतो. तो टिकला नाही तर बंद ठेवून देतो. जनरेटर फिरवणाऱ्या यंत्रणेतले तेल तापले असेल तर तिला इंजिनापासून सोडवण्याचे बटणही असते, परंतु ते झाकणाखाली असते, कारण एकदा सोडवलेली ती यंत्रणा विमान जमिनीवर येईपर्यंत पुन्हा जोडता येत नाही.

सगळेच जनरेटर गेले तर विमानाच्या पोटातून एक छोटा पंखा बाहेर येतो आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यावर फिरू लागतो. त्याच्या जोरावर मिळणारी वीज असते जेमतेम ५ केव्हीए. तेवढ्यात काय चालवायचे हे विमान बनवणाऱ्यांनी आधीच ठरवून ठेवलेले असते: कॅप्टनसमोरचा मुख्य पडदा चालू राहतो, सहवैमानिकासमोरचा काळा होतो, आणि म्हणून विमान कोणी चालवायचे यावर चर्चेला जागाच उरत नाही.

धूर असेल तर हिशेब आणखी कठोर होतो. २ सप्टेंबर १९९८ रोजी न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालेल्या स्विसएअर १११ या एमडी-११ विमानात छतामागच्या वायरिंगमध्ये ठिणगी पडून इन्सुलेशनने पेट घेतला. धुराचा स्रोत शोधण्यासाठीची चेकलिस्ट एकेका बसबारची वीज तोडून वाट पाहायला लावणारी होती आणि ती पूर्ण करायला २० ते ३० मिनिटे लागू शकत होती. वास आल्यापासून विमान समुद्रात कोसळेपर्यंतचा काळ मात्र साधारण २० मिनिटांचाच होता. २२९ माणसे गेली. विमान तत्काळ जवळच्या विमानतळाकडे वळले असते तरी ते वेळेत सुखरूप उतरू शकले नसते, असे चौकशीत दिसून आले, त्यामुळे मी इथे वैमानिकांना बोल लावत नाही. पण दोष शोधत बसण्याची माझी जी सवय आहे, ती हवेत किती महाग पडू शकते हे मला त्या चेकलिस्टने दाखवले.

याच्या उलट प्रसंग ७ जानेवारी २००८ चा. लंडनहून बँकॉकला जाणारे क्वांटासचे बोइंग ७४७-४०० उतरणीला लागले असताना त्याच्या चार मुख्य एसी (प्रत्यावर्ती प्रवाहाच्या) बसबारपैकी तीन बंद पडले. चार इंजिने, चार जनरेटर, आणि सर्व इंजिने व्यवस्थित चालू! ७४७-४०० ला तो वाऱ्यावरचा पंखा नसतो, त्यामुळे अत्यावश्यक उपकरणांना बॅटरीचाच आधार उरला होता, आणि ती बॅटरी किमान ३० मिनिटे पुरावी अशा हिशेबाने बसवलेली असते. बँकॉक जवळ होते, दिवस होता, वैमानिकांनी उरलेल्या उपकरणांवर विमान सुखरूप उतरवले. हेच महासागराच्या मध्यावर घडले असते तर, हा विचार तो अहवाल वाचताना माझ्या मनातून जात नव्हता.

कारण जमिनीवर सापडले. गॅलीतले सांडपाणी खालच्या उपकरण कक्षात झिरपले होते, जनरेटर नियंत्रित करणाऱ्या पेट्यांवरच्या संरक्षक आच्छादनाला तडे होते, आणि पाणी थेट त्या पेट्यांत गेले होते. कॉकपिटमधला कोणताही स्विच कितीही वेळा दाबला असता तरी ते पाणी दिसले नसते.